ग्यानोबाची चासी

“दावं आणलंय का?” नागुबाईनं विचारलं.

वीरभद्र लातूरहून हिमायतनगरला टेम्पो घेऊन आला होता. टेम्पोत दोन फळ्या होत्या, चार पोती होती, पान्ह्यांची पिशवी होती. दावं नव्हतं.

“मोटारसायकलीला दावं कशाला, वहिनी?”

“मंग मोकळी न्हेता व्हय? जनावर इकलं की दावं मालकाच्या दावणीलाच ऱ्हातंय. घेणाऱ्यानं आपलं आणावं. एवढं ठावं न्हाई तुमाला, अप्पा?”

“जनावराचं ठावं हाय. पण हे लोखंड...”

“लोखंड म्हणून बांधलं न्हाई त्येनी. बगा की जाऊन.”

गोठ्यात तीन खुंट होते. दोन रिकामे. चारा संपला तशी बैलजोडी तेलंगणात सोयऱ्यांकडे धाडली होती, ती तिकडचीच झाली. तिसऱ्या खुंटाला लष्करातली ती जुनी बीएसए बांधलेली. हँडलला अंबाडीचं दावं, चाकांखाली झाडून घेतलेली जमीन. नागुबाईच्या नवऱ्याला, ग्यानोबाला, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि टाकीवरून बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागत नव्हती.

वीरभद्रला वाईट वाटायला हवं होतं. गुरुभाऊ होता तो त्याचा. पण मनात आलं ते दुसरंच. माणूस गेला तरी ह्याच्या गाडीला गंज शिवत नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यानं घाईघाईनं दोष शोधायला सुरुवात केली. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो नव्हता, आजारपणात कुणाला तरी काढून दिला असणार. किक हलत नव्हती, म्हणजे पिस्टन धरलेला. मागच्या चाकाच्या सात तारा तुटलेल्या. तेवढं पाहून त्याला जरा बरं वाटलं.

टेम्पोवाला बाजारात दावं आणायला गेला. तोवर नागुबाईनं टाकीला हळदकुंकू लावलं. तांब्यातलं पाणी नेमकं दोन चूळ, पुढच्या चाकावर ओतलं. गावात टँकर तिसऱ्या दिवशी येत होता. त्या हिशेबानं दोन चूळ पाणी म्हणजे मोठाच मान.

“सवत हाय माझी ही,” ती हसून म्हणाली. “हिच्यावर ओव्या रचल्यात म्या. जात्यावर बसले की मुद्दाम त्येनला ऐकू जाईल अशा म्हणायची.”

आणि सहज, पदर नीट करत, तिनं म्हटलं:

*सवत आणली दारी, तिची लोखंडाची काया*
*उगवत्या दिसाला, तिला पुशी माझा राया*

*सवत गुणाची गं, न्हाई मागत चोळीखण*
*घोटभर त्यालावर, साजरा करती सण*

“मग ठेवा की घरीच, वहिनी. एवढी गुणाची हाय तर.”

“नांदेडला लेकीकडं निघाले. दोन खोल्यांत ती, जावई, तीन लेकरं. हिला कुठं बांधू? भंगारवाले चारदा येऊन गेले. म्या म्हणलं, न्हाई. त्येनी सांगून ठेवलंतं, द्यायचीच झाली तर लातूरच्या वीरूला द्या. त्याच्या हाताला घाई हाय, पण गाडीवर जीव हाय.”

वीरभद्रला त्यातला जीव ऐकू आला नाही. घाई ऐकू आली.

दावं आलं. नागुबाईनं आपलं दावं सोडून खांद्यावर टाकलं. वीरभद्रनं स्वतःचं हँडलला बांधलं. दोघांनाही हसू आलं नाही. गाडी फळ्यांवरून टेम्पोत चढत असताना ती मागून म्हणाली, “अप्पा, कापणार न्हाई ना हिला?”

“न्हाई, वहिनी. जोडायलाच न्हेतोय.”

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

नांदेड ओलांडून टेम्पो अहमदपूरच्या रस्त्याला लागला तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती उन्हं पसरली होती. वीरभद्र मागे, गाडीला धरून बसला. साधारण अशाच उन्हाळ्यात, पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षं झाली असतील, दस्तगीर उस्तादांनी नांदेडच्या लिलावातून लष्कराच्या दोन मोडक्या बीएसए आणल्या होत्या. एकाच खेपेतल्या, जुळ्या बहिणींसारख्या. दोन शागिर्दांपुढे त्या ठेवून उस्ताद म्हणाले होते, एक तुझी, एक तुझी. चालू केली तर न्या, नाही केली तर भंगार.

वीरभद्रनं आपली दोन दिवस आधी चालू केली होती. नांदेडच्या रस्त्यावरून फटफट करत तो तीन फेऱ्या मारून आला. उस्तादांनी मान हलवली, म्हणाले, “तू जल्दी सीखता है.” मग ग्यानोबा आपल्या गाडीवर बसून आला. उस्तादांनी मान हलवली नाही. जवळ गेले, चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, तळवा ठेवला आणि कुणाला सांगितल्यासारखं नाही, असंच म्हणाले, “इसका हात सुनता है.”

पस्तीस वर्षं झाली. जल्दी शिकणं काही कमी नव्हे, असं वीरभद्रनं स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. लातुरात औसा रोडवर त्यानं दुकान टाकलं. उदगीर, निलंगा, अगदी बिदरपासून गाड्या येत. लोक ‘वीरभद्र मिस्त्री’ म्हणत आणि मान देत. पण एखादं इंजिन उघडून पुन्हा बसवताना, शेवटचा नट आवळताना, त्याला हटकून वाटे, ग्यानोबानं हा कसा आवळला असता.

---

टेम्पो दुकानापुढे थांबला तशी त्याची बायको महानंदा ओट्यावर आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी.

“अगं बाई, हळदकुंकू? वरात काढून आणली व्हय?”

“तिच्या मालकिणीनं लावलंय.”

“मंग पुसू नका आता. ऱ्हाऊ द्या.” तिनं डाव्या हातानं टाकीला हात लावून तोच हात कपाळाला लावला. “चालू हाय का?”

“मेलेली हाय. सामानासाठी आणलीय.”

समोरच्या हॉटेलातून शेषेराव ओरडला, “अप्पा, दोन मेल्याची एक जिती करता का काय?”

“करतो की! तुझ्या चहावर जगत्यात लोक, तर ह्यात काय अवघड हाय?”

दुकानाच्या भिंतीला वीरभद्रची स्वतःची गाडी टेकवलेली होती. चाक धरणारा पुढचा चिमटा आतल्या अंगाला दुमडलेला, दिवा फुटलेला, चाकाचं रिंगण चपटं, आणि जिथं चासीचे नळ चिमट्याला येऊन मिळतात त्या मानेला मोठी भेग. दीड महिन्यापूर्वी औशाहून येताना ती पडली होती. महानंदा मागे बसलेली. चारा डेपोकडे जनावरांचा तांडा चालला होता, त्यातली एक गाय आडवी आली, वीरभद्रनं ब्रेक मारला, आणि दोघं खड्ड्यात. त्याला खरचटलं. तिचं मनगट मोडलं.

ही हकीकत तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. सांगता सांगता गाय दर खेपेला थोडी मोठी होत चालली होती. गेल्या आठवड्यात शेषेरावच्या गिऱ्हाइकांपुढे तिचा बैल झाला होता. महानंदा आत बसून ऐकायची आणि काही बोलायची नाही. एका हातानं भाकरी थापता येत नाही, म्हणून भाकरी वीरभद्र थापायचा. तांब्यानं मोजलेल्या पाण्यात भिजवलेलं ज्वारीचं पीठ, आणि भाकरीचा आकार नव्या जिल्ह्याच्या नकाशासारखा. ती तशीच खायची, हसत.

जिल्ह्याचीच घाई होती. लातूर वेगळं होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. जुन्या गाड्यांच्या नोंदी आता इथल्या नव्या वहीत चढवायच्या होत्या. आरटीओ कचेरीनं कळवलं होतं, महिनाअखेरीला गाडी समोर आणा, चालवून दाखवा. चासीवरचा नंबर पुस्तकाशी जुळला की नोंद करू. नाही आणली तर नाव निघून जाईल. वीरभद्रची गाडी गावातली सगळ्यात जुनी होती. नव्या वहीत ती पहिल्या पानावर यावी, एवढीच त्याची इच्छा होती. फार मोठी नव्हती. पण आता ज्या वयात माणूस मोठ्या इच्छा सोडतो त्या वयातली होती, म्हणून घट्ट होती.

हिशेब सोपा होता. ग्यानोबाच्या गाडीचा पुढचा चिमटा, चाक, दिवा काढायचा; आपल्या चासीची भेग भरायची; बसवायचं; न्यायचं. ग्यानोबाची उरलेली गाडी मागच्या अंगणात पडून राहील. कापायची कशाला, त्यानं मनाशी म्हटलं. पडून राहू दे. कापणं वेगळं.

---

ग्यानोबाची गाडी उघडायला लागला आणि त्याच्या मनातली जळजळ वाढत गेली.

प्रत्येक नट पान्हा लागताच सुटत होता. एकही कुरकुरला नाही. दर नटाखाली ग्यानोबानं ग्रीसचा पातळ हात फिरवलेला होता. एका ठिकाणी वॉशरच्या जागी साधी तार गुंडाळलेली दिसली तेव्हा वीरभद्रला आनंद झाला. “बग, बग तुझ्या ग्यानोबाचं काम!” त्यानं महानंदाला हाक मारली, जणू ग्यानोबा तिचा कुणी होता. पण तार काढली तर खाली निजामाच्या वेळचं तांब्याचं नाणं होतं, मधे भोक पाडून, कडा कानसून, असं नेमकं बसवलेलं की तार फक्त ते निसटू नये म्हणून. वीरभद्र नाणं हातात घेऊन कितीतरी वेळ बसला. आपल्याला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तर कानसायला धीर धरला नसता.

“चांगलं हाय का वाईट?” महानंदानं विचारलं.

“ठीक हाय,” तो म्हणाला.

चिमटा निघाला. जर्मनच्या पाटीत रॉकेल घेऊन त्यानं तो धुतला. मग आपल्या चासीकडे वळला. भेगेभोवतीचा रंग पॉलिशपेपरनं खरवडून काढला. रंगाच्या खाली पितळ लागलं. त्याचं स्वतःचं, पस्तीस वर्षांपूर्वीचं. त्या मोडक्या बीएसएचा हाच जोड तेव्हा त्यानं पितळी झाळ देऊन सांधला होता. त्यानं भेगेत खिळा घातला, जोडाची कड उचकटली आणि आत उजेड पडेल अशी चासी फिरवली.

लोखंड आजच तुटलं तर तुटलेली जागा साखरेसारखी चमकते. महिन्याभरापूर्वी तुटलं तर वर तांबूस साय धरते. पण इथं भेगेच्या आत खोलवर काळा गंज होता. जुना, थरावर थर बसलेला. फक्त शेवटचा बोटभर तुकडा तांबूस होता. म्हणजे नळाचा तीन चतुर्थांश भाग कधी जोडलेलाच नव्हता. पितळ बाहेरून फिरलं होतं, आत उतरलं नव्हतं. पस्तीस वर्षं मान त्या बोटभरावर तरली आणि औशाच्या रस्त्यावर ब्रेक लागताच सुटली.

आणि त्याला ग्यानोबाचा आवाज ऐकू आला. नांदेडच्या त्या शेडमध्ये, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं जोडावर हळूच ठोकून, कान जवळ नेऊन ग्यानोबा म्हणाला होता, “वीरू, हितं पितळ आत गेलं न्हाई रे. आवाज भरीव न्हाई. परत तापव. बसून ऱ्हा जरा, आपल्या आपण आत पळतंय ते.”

वीरभद्रनं तेव्हा काय केलं? कानस मारून जोड गुळगुळीत केला, वर काळा रंग लावला आणि ग्यानोबाच्या दोन दिवस आधी गाडी बाहेर काढली.

ओट्यावर महानंदा सुपातली ज्वारी डाव्या हातानं निवडत होती. कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणत होती:

*मोडला माझा हात, कुणाला देऊ दोष*
*वाटंनं गेली गाय, तिच्यावं कशाचा रोष*

वीरभद्रनं गॅसची नळी उघडली आणि भेग भरून टाकली. ह्या वेळी सावकाश. पितळ आत जाईपर्यंत बसून राहिला. पण जोड भरला तरी नळ वाकलेला होताच. ग्यानोबाचा चिमटा बसवून त्यानं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली तर पुढचं चाक करंगळीभर डावीकडे. त्यानं नळ तापवला, जॅक लावून उजवीकडे रेटला. चाक सरळ आलं. थंड झालं आणि पुन्हा डावीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी जास्त रेटला, उजवीकडे गेलं. तिसऱ्या दिवशी परत डावीकडे. पंक्चरच्या पाटीतलं महिनाभराचं काळं पाणी लोखंडावर मारून मारून संपलं. नवं कुठून आणायचं?

“अप्पा,” शेषेराव रस्ता ओलांडून आला, चहाचा ग्लास ठेवला, दोरीकडे एक डोळा मिटून पाहिलं. “ती दुसरीला दोरी लावून बगितली का?”

“तुला चहा कळतो. चहा कर.”

शेषेराव गेल्यावर त्यानं अंगणात जाऊन ग्यानोबाच्या उघड्या चासीला दोरी लावली. कुणी बघत नाही ना, हे आधी पाहिलं. दोरी नळाला वरपासून खालपर्यंत चिकटून राहिली. उन्हात एवढीशीही फट नाही. मान ठोकली. भरीव, घंटेच्या आतल्यासारखा आवाज आला. वीरभद्रनं दोरी गुंडाळली आणि लाथ मारावी तशी ती चासी भिंतीकडे ढकलली. मग लगेच वाकून तिला कुठं लागलं तर नाही ना, ते बघितलं.

पाझर तलावात थेंब नव्हता. भेगाळलेला, सपाट तळ. मधोमध बायका झिरे खणून वाट्यांनी पाणी भरत बसलेल्या. गाडी तपासायला लातुरात तेव्हा त्यासारखी दुसरी जागा नव्हती. वीरभद्रनं आपली गाडी तिथं चालवली. वेग आल्यावर हँडलवरचे हात सोडले. गाडी डावीकडे, झिऱ्यांकडे निघाली. त्यानं हँडल धरलं. पुन्हा वळून आला, पुन्हा सोडले. पुन्हा डावीकडे.

“ओ मिस्त्री, आमचा झिरा पिऊन जाता का काय!” एक बाई ओरडली आणि बाकीच्या हसल्या.

सांभाळता येईल, त्यानं ठरवलं. हात घट्ट धरला की सांभाळता येतं. इतकी वर्षं सांभाळलंच की.

---

कचेरीच्या तारखेच्या दोन दिवस आधी महानंदाचं प्लॅस्टर निघालं. हात बारीक, पांढरट दिसत होता. सकाळी ती इरकली लुगडं नेसून दुकानात आली.

“चला.”

“कुठं?”

“शिरूरला. आईला हात दाखवून येते. तिनं बेल वाहायचा नवस बोललाय. अनंतपाळाच्या देवळात तुमीबी या. गाडी झाली न्हवं का?”

गाडी झाली होती. काळा रंग चमकत होता, दिव्यात नवी काच होती. शेषेराव पायरीवर उभा राहून बघत होता. वीरभद्र गाडीवर बसला. महानंदानं पदर खोचला, बऱ्या हातानं मागची पट्टी धरली आणि एका अंगानं बसली. तिचं ओझं आलं तशी मागची स्प्रिंग करकरली.

त्याचा पाय किकवर होता. त्यानं तो दाबला नाही.

“काय झालं?”

“उतर,” तो म्हणाला.

“कामून?”

“उतर म्हणतो ना!”

ती उतरली. शेषेराव आत निघून गेला. हॉटेलवाल्याला कधी आत जावं ते कळतं. वीरभद्र गाडीवर तसाच बसून होता, हँडलकडे बघत.

“ही डावीकडं वढती,” तो म्हणाला. “सरळ हुईना. म्या लई केलं. ... आन् औशाच्या रस्त्यावर मान मोडली ती गाईमुळं न्हाई. जोडच कच्चा हुता. माझा. नांदेडपासूनचा. ग्यानोबानं सांगितलंतं तवाच. ऐकलं न्हाई म्या.”

महानंदानं खोचलेला पदर मोकळा केला. मग म्हणाली, “गाय तर केव्हाच पल्याड गेलती.”

“तुला ठावं हुतं?”

“माझे काय डोळे मोडले हुते? हात मोडला. गाय गेली, मागनं वासरू गेलं, मंग तुमी ब्रेक दाबला आन् आपण पडलो. म्या म्हणलं, सांगून राहिलेत गाईचं तर सांगू द्या. बैल केला तवा मातर हसू आलं.”

“बोलली न्हाईस.”

“तुमीच कवा बोलताव बगत हुते.” तिनं बारीक हात दुसऱ्या हातात घेतला. “दुसरी सरळ हाय का?”

त्याला ‘न्हाई’ म्हणता आलं असतं. तिला दोरी लावून बघता आलं नसतं.

“दोरीसारखी,” तो म्हणाला.

“मंग?”

“तिची चासी घेतली तर नंबर तिचा. पुस्तक तिचं. ग्यानोबाचं नाव खोडून त्याखाली माझं येईल. माझी गाडी वहीतून गेली म्हणजे गेलीच. कुणी म्हणणार न्हाई वीरभद्रची गाडी. पस्तीस वर्सं महानंदा, एका माणसाच्या पुढं जायचं म्हणून...”

“ते गेले की आता,” ती हळूच म्हणाली. “कुणाच्या पुढं जाताव?”

तेच तर. जिवंत माणसाच्या पुढं जाता येतं; तो थकतो, चुकतो, म्हातारा होतो. मेलेला तिथंच उभा असतो, त्याच्या चांगल्या कामासकट.

त्यानं गाडी स्टँडवर लावली, पान्हे काढले आणि आपल्या चासीतून आपलं इंजिन सोडवायला घेतलं. दोन दिवस. पहिल्यांदाच घाई करायला खरं कारण होतं आणि पहिल्यांदाच त्याचे हात सावकाश चालले. ग्यानोबाच्या नटांखाली त्यानं पुन्हा ग्रीस फिरवलं. महानंदा कापसाच्या चिंध्यांनी एकेक नट पुसून हातात देत होती. रिकामी झालेली त्याची चासी भिंतीला उभी राहिली; हाडांच्या सापळ्यासारखी नाही, नुसतं वाकलेलं लोखंड. तिच्याकडे तो बघेना.

---

कचेरीच्या पत्र्याच्या मांडवाखाली पंधरा-वीस जुन्या गाड्या उभ्या होत्या. साहेब तरुण होता, नव्यानं आलेला. त्यानं वाकून चासीवरचा नंबर खडू घासून उठवला, पुस्तकाशी ताडून पाहिला. गाडी एक फेरी चालवून पाहिली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता.

“काय सरळ चालते हो ही! इतकी जुनी असून. कुणाच्या हातची बांधणी?”

भोवती लातूरचे सगळे मिस्त्री उभे होते. शेषेराव हॉटेल बंद करून आला होता. त्याचं तोंड उघडलेलंच होतं, ‘आमच्या अप्पांच्या’ म्हणायला.

“चासी ग्यानोबाची,” वीरभद्र त्याच्या आधी म्हणाला. “नांदेडचा. इंजिन तेवढं माझं.”

“इंजिनाला खाली रकाना आहे,” साहेब म्हणाला आणि खाली लिहिलं.

वही बंद झाली. मिस्त्री लोक गाडीभोवती जमले, एकानं मानेवर बोट फिरवलं, जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं. कौतुकाचं. वीरभद्र ते ऐकत राहिला. अंगाला चटका बसावा तसं ऐकत राहिला. मग महानंदाला म्हणाला, “चल, शिरूरला.”

रस्ता मोकळा होता. उन्हात दूरवर टँकरमागची धूळ उडत होती. निलंग्याचा फाटा मागे पडल्यावर त्यानं थोडा वेग घेतला आणि करायचं नाही असं ठरवून निघाला होता तेच केलं, हँडलवरचे हात उचलले. गाडी चालत राहिली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. जशी एखादी ओवी म्हणणाऱ्याचा श्वास न तुटता पुढच्या ओळीला जाते तशी.

त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की पाठीला काहीतरी कमी आहे. तीस वर्षं ही बाई त्याच्या मागं बसत आली आणि तीस वर्षं तिची मूठ त्याच्या सदऱ्याला पाठीमागून आवळलेली असायची, इतकी की घरी आल्यावर तिथं कापड गोळा झालेलं दिसे. तो गोळा झालेला सदरा त्यानं कधी मुद्दाम सरळ केला नव्हता. त्याला तो आवडायचा. आज तिचा हात नुसता त्याच्या खांद्यावर ठेवलेला होता, जसा घरात बोलता बोलता ठेवावा. ती रानाकडे बघत होती. गुणगुणत होती काहीतरी.

“घट्ट धर की,” तो म्हणाला.

“कामून? सरळ तर चालून राहिलीय.”

तीस वर्षं ती आपल्याला धरून बसते, असं त्याला वाटत आलं होतं. ती पडू नये म्हणून धरून बसत होती.

वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्यानं मान थोडी खाली घातली. महानंदाचा हात खांद्यावर हलका होता, निर्धास्त होता, आणि तो निर्धास्तपणा तिला त्यानं दिलेला नव्हता. वीरभद्रनं हँडल दोन्ही हातांनी पक्कं धरलं. धरायची गरज नव्हती.